चित्र बिघडतं कुठे?

२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत जगभरचे अनेक गेमर एकाच संदेशाने हैराण झाले होते. अन्रियल इंजिनवर बांधलेला एखादा नवा गेम उघडला की तो सुरुवातीलाच बंद पडायचा आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटायची, तिचा मथितार्थ असा की चित्र काढायला व्हिडिओ मेमरी पुरत नाही. ज्यांच्या कॅबिनेटमध्ये २४ जीबी मेमरीचं आरटीएक्स ४०९० बसवलेलं होतं, त्या काळचं सर्वांत ताकदवान घरगुती कार्ड, त्यांनाही हाच संदेश. साहजिकच सगळ्यांचा राग एनव्हिडियावर निघाला. लोकांनी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, जुने ड्रायव्हर शोधून लावले, विंडोज नव्याने भरलं, काहींनी तर कार्ड परत केलं. नव्या कार्डावरही तोच संदेश आला.

दोष ग्राफिक्स कार्डाचा नव्हताच. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले काही प्रोसेसर आतून खराब होत चालले होते. गेम सुरू होताना शेडर, म्हणजे ठिपक्यांचे रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम, तयार करणं आणि दाबून साठवलेला डेटा उलगडणं ही कामं प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लावतात. नेमक्या त्या ओझ्याखाली हे प्रोसेसर अधूनमधून चुकीचं उत्तर देत. उलगडलेला डेटा सदोष निघे, गेम गोंधळून जाई आणि शेवटी जो संदेश हाताशी येई तो व्हिडिओ मेमरीचा असे. डेटा उलगडणारी ऊडल ही प्रणाली बनवणाऱ्या मंडळींनी स्वतःच हे जाहीरपणे सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरसोबतच्या टिपणात लिहिलं की अशी अडचण आली तर इंटेलच्या ग्राहकसेवेशी बोला. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. ज्या चिपचं आधीच नुकसान झालं होतं ती मात्र त्या दुरुस्तीने बरी होणार नव्हती, ती बदलूनच घ्यावी लागली.

ग्राफिक्सच्या तक्रारींबद्दल जे काही शिकण्यासारखं आहे ते बहुतेक या एका प्रकरणात आहे. बिघाड जिथे दिसतो आणि बिघाड जिथे असतो, या दोन जागा पुष्कळदा वेगळ्या असतात. आणि कोणत्या कंपनीचं कार्ड चांगलं, हा वाद एकदा डोक्यात शिरला की माणूस दुसऱ्या जागी बघायचंच सोडून देतो.

एका फ्रेमचा प्रवास

पडद्यावरचं एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, कशी तयार होते ते आधी पाहू. गेममध्ये तुम्ही माउस हलवला. प्रोसेसर ठरवतो की आता पात्र कुठे आहे, शत्रू कुठे आहे, कुठली भिंत दिसणार. मग तो डायरेक्टएक्स किंवा व्हल्कनच्या भाषेत आज्ञा लिहितो: हा त्रिकोण इथे काढ, त्यावर हे पोत चढव, इथे सावली पाड. या आज्ञा ड्रायव्हरकडे जातात. ड्रायव्हर त्यांचं भाषांतर त्या विशिष्ट चिपला कळेल अशा सूचनांत करतो. मग ग्राफिक्स चिप आपल्या मेमरीतून पोत आणि आकार उचलून लाखो ठिपके रंगवते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर असे २०,७३,६०० ठिपके असतात, फोर-केवर त्याच्या बरोबर चौपट. रंगवलेलं चित्र मेमरीत ठेवलं जातं, तिथून पोर्ट, केबल आणि मॉनिटर. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर हा सगळा प्रवास १६.७ मिलिसेकंदांच्या ठेक्यात होत राहायला हवा. शिवाय तो होत असताना एसएमपीएसने वीज पुरवायला हवी आणि पंख्यांनी उष्णता बाहेर काढायला हवी.

नळाला पाणी आलं नाही तर आपण टाकी बघतो, मोटर बघतो, मधला व्हॉल्व्ह बघतो. नळाच्या कंपनीला कोणी शिव्या देत नाही. इथेही तसंच करायचं आहे. प्रवासाचा मार्ग माहीत असेल तर बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे शोधता येतं, आणि त्यासाठी महागडी उपकरणं लागत नाहीत.

सर्वांत सोपी कसोटी स्क्रीनशॉटची. चित्र बिघडलेलं दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून पाहा. बिघाड स्क्रीनशॉटमध्येही आला असेल तर तो चित्र मेमरीत पोचण्याआधीच झालेला आहे, म्हणजे गेम, ड्रायव्हर किंवा कार्ड. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि पडद्यावर मात्र ठिणग्या, रेघा किंवा लुकलुक दिसत असेल तर संशय पुढच्या टप्प्यावर घ्यायचा: केबल, पोर्ट, मॉनिटर. स्वस्तातली लांब एचडीएमआय केबल १४४ हर्ट्झला ठिणग्या दाखवते आणि ६० हर्ट्झला बरोबर चालते. असे ठिपके पाहून कार्ड मेलं असं समजणारे लोक आहेत, आणि नवी केबल काही शे रुपयांत मिळते.

दुसरी कसोटी वेळेची: बिघाड कधीपासून दिसतो? संगणक सुरू करताच, विंडोज यायच्याही आधी, बायोसच्या पडद्यावर रंगीत चौकटींची नक्षी किंवा ठराविक अंतरावर उभ्या रेघा दिसत असतील, तर तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून चालूच झालेला नसतो. त्याला दोष देणं व्यर्थ. हे बहुधा कार्डाच्या मेमरीचं किंवा तिच्या जोडणीचं दुखणं असतं. उलट विंडोज, यूट्यूब, जुने गेम सगळं नीट आणि एकाच नव्या गेममध्ये झाडांची पानं काळी पडतात, असं असेल तर कार्ड बाजूला ठेवून त्या गेमचा पॅच किंवा नवा ड्रायव्हर शोधायचा.

काही खुणा तर कार्डाच्या दोषाच्या नसतातच. दूरच्या भिंतीवर दोन रंग एकमेकांत थरथरताना दिसतात, जवळ गेलं की थांबतात. गेम बनवणाऱ्याने दोन पृष्ठभाग जवळजवळ एकाच खोलीवर ठेवलेत आणि खोली मोजणाऱ्या आकड्यांत इतका बारीक फरक मावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जगातलं कुठलंही कार्ड लावा, ती थरथर राहणार. कॅमेरा वळवताना चित्र मधेच आडवं कापल्यासारखं दिसतं, त्याचं कारण मॉनिटर एक फ्रेम अर्धी दाखवत असतानाच कार्डाने पुढची हातात दिलेली असते. व्ही-सिंक चालू केलं, किंवा मॉनिटरला जी-सिंक अथवा फ्रीसिंक असेल तर ते चालू केलं की हे थांबतं. याउलट पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळे सुळके ताणले जात असतील तर आकारांचे आकडेच बिघडून येताहेत. कार्डाची मेमरी जास्त वेगाने पळवली असेल तर तो वेग आधी मूळ जागी आणा, मग बाकीचं.

दोन सेकंदांची मर्यादा

विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक सोय केली. ग्राफिक्स चिपला काम दिलं आणि तिने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर सगळा संगणक गोठू देण्याऐवजी विंडोज ड्रायव्हरला पाडून पुन्हा उभं करतं. पडदा क्षणभर काळा होतो, गेम बंद होतो, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्या नोंदीत एनव्हीएलडीडीएमकेएम असं लांबलचक नाव असतं.

हे नाव वाचून लोक निकाल देऊन मोकळे होतात: ड्रायव्हर फालतू आहे. नोंदीत लिहिलेलं असतं एवढंच की दोन सेकंद उत्तर आलं नाही. का आलं नाही, याबद्दल ती गप्प असते. चिप प्रमाणाबाहेर तापली असेल, वीज क्षणभर कमी पडली असेल, रॅमचा वाढवलेला (एक्सएमपी) वेग मदरबोर्डला झेपत नसेल, कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलेलं नसेल, ड्रायव्हरमध्ये खरोखरच चूक असेल, किंवा पुन्हा त्या इंटेलच्या प्रकरणासारखं प्रोसेसरच चुकीचा डेटा पाठवत असेल. शोध या नोंदीपासून सुरू करायचा असतो.

तिच्याऐवजी कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद असेल आणि संगणक गेममध्ये असताना कुठलीही निळी स्क्रीन न दाखवता एकदम बंद होऊन पुन्हा सुरू झाला असेल, तर वीज तपासा. आधुनिक कार्ड सरासरी ३०० वॉट घेत असलं तरी काही मायक्रोसेकंदांसाठी त्याहून खूप मोठी उसळी मारतं. जुन्या एसएमपीएसना ती उसळी म्हणजे शॉर्ट सर्किट वाटतं आणि ते स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा अशी अट घातली गेली.

आपल्याकडे याला एक जोड असते, यूपीएसची. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट देतो. गेम चालू असताना चांगल्या कार्डाचा पूर्ण संच त्याहून जास्त ओढतो. लाइट गेली, यूपीएस बॅटरीवर आला, त्याला भार झेपला नाही, संगणक बंद. लाइट येऊन-जाऊन असलेल्या गावात हे दिवसातून दोनदा घडतं आणि ‘गेम लावला की पीसी बंद पडतो’ अशी तक्रार दुकानात जाते. तिथे थेट भिंतीच्या प्लगवर तासभर चालवून पाहिलं तर काहीच होत नाही. अर्थिंग नसलेला प्लग ही त्याच्या शेजारचीच गोष्ट. ते तपासायला इलेक्ट्रिशियनला दहा मिनिटं लागतात आणि नवं कार्ड घेण्याआधी ती दहा मिनिटं काढलीच पाहिजेत.

उन्हाळ्याचंही तसंच. कार्डाच्या चाचण्या जिथे होतात त्या खोल्या वीस-पंचवीस अंशांच्या असतात. पंख्यांचा वेग आणि भार तोच ठेवला तर चिपचं तापमान खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ठराविक अंशांनीच वर राहतं. म्हणजे परीक्षणात ७० अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात चंद्रपूरच्या बिनएसीच्या, ४० अंशांच्या खोलीत ८५ ते ९० कडे सरकणार. मग चिप स्वतःच वेग कमी करते. पहिली दहा मिनिटं गेम झकास आणि मग हळूहळू फ्रेम गळायला लागल्या, तर हे समजून जावं. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून, समोर टेबलफॅन लावून पाहिलं आणि फरक पडला तर निदान पक्कं. हीटसिंकच्या पात्यांत बसलेली धूळ ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं.

सरासरीच्या आड लपलेला झटका

‘एफपीएस तर साठ दाखवतोय, मग गेम अडखळतोय का?’ हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर मिळायला तज्ज्ञांनाही वेळ लागला. समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत आल्या. झाले ८८५. शेवटच्या एका फ्रेमला ११५ मिलिसेकंद लागले. सेकंद पुरा झाला, फ्रेम ६०, सरासरी निर्दोष. पण ती शेवटची फ्रेम बाकीच्यांच्या साडेसातपटीहून जास्त वेळ पडद्यावर थिजून राहिली, आणि डोळ्याला तेच दिसलं.

२०११ मध्ये टेक रिपोर्ट या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली. तोवर सगळी परीक्षणं सरासरीवर चालत. या नव्या मापाने दोन कार्डं जोडून चालवण्याच्या पद्धतीचं, विशेषतः एएमडीच्या क्रॉसफायरचं, पितळ उघडं पडलं. फ्रेमची संख्या भरपूर होती, पण त्या जोडीजोडीने येत आणि मध्ये पोकळी राही. एएमडीने २०१३ मध्ये फ्रेमची लय सांभाळणारा ड्रायव्हर काढला. वॉसन पुढे एएमडीतच रुजू झाले. मोजमाप बदललं म्हणून कार्डं सुधारली, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, आणि आज परीक्षणांत सरासरीशेजारी ‘एक टक्का लो’, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा वेग, असा आकडा छापला जातो तो या कामामुळे. गेम खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम-टाइमचा आलेख लावून ठेवा. सपाट रेघेतला सुळका नेमका कुठल्या क्षणी उठतो ते कळतं.

तो सुळका नव्या जागी पाऊल टाकलं, नवा स्फोट पहिल्यांदा झाला की उठत असेल, तर तोच भाग पुन्हा खेळून पाहा. दुसऱ्या वेळी सगळं लोण्यासारखं गेलं, तर शेडर तयार होताना बसणारा तो झटका आहे. कन्सोलमध्ये एकच ठरलेली चिप असल्यामुळे तिच्यासाठीचे शेडर आधीच शिजवून डिस्कवर देता येतात. पीसीवर शेकडो प्रकारची कार्डं, त्यामुळे हे काम तुमच्याच घरी, तुमच्याच संगणकावर करावं लागतं. ते आधीच उरकायचं की खेळताना, हे गेम बनवणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून. आणखी एक गोष्ट: ड्रायव्हर बदलला की साठवलेले शेडर बहुधा निकामी होतात आणि पुन्हा बनतात. म्हणून नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिला अर्धा तास गेम अडखळला एवढ्यावरून तो ड्रायव्हर वाईट ठरवू नये.

नुसत्या मंदपणाची कारणं याहून साधी असतात. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली असते, आणि मग महागडं कार्ड आत बसून राहतं. लॅपटॉपमध्ये दोन चिप असतात, एक वीज वाचवणारी आणि एक ताकदवान. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ग्राफिक्स या भागात जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ नेमून द्यावं लागतं. १६५ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजने ६० वरच ठेवलेला असतो. रॅमची एकच पट्टी असते. ही चार ठिकाणं बघायला पाच मिनिटं पुरतात.

लाल-हिरव्याचा वाद

आता कंपन्यांकडे वळू. एनव्हिडियाचे हिरवे आणि एएमडीचे लाल, असे दोन तट पडलेले आहेत आणि २०२२ पासून इंटेलच्या आर्क कार्डांचा निळा रंगही त्यात मिसळला आहे. प्रत्येक तटाकडे दुसऱ्याच्या पापांची यादी असते, आणि गंमत अशी की बहुतेक याद्या खऱ्या असतात.

२००१ चं प्रकरण घ्या. एटीआयचं, म्हणजे पुढे २००६ मध्ये एएमडीने विकत घेतलेल्या कॅनेडियन कंपनीचं, रेडिऑन ८५०० बाजारात आलं. त्या काळी कार्डाचा वेग ठरवायचा गेम होता क्वेक ३. हार्डओसीपी या प्रकाशनाने एक साधी गोष्ट करून पाहिली. गेमच्या फाइलमध्ये जिथे जिथे क्वेक असं नाव होतं तिथे क्वॅक केलं. गेम तोच, दृश्य तेच. पण वेग घसरला, आणि भिंतींची पोतं मात्र आधीपेक्षा स्वच्छ दिसू लागली. ड्रायव्हर गेमचं नाव ओळखत होता आणि नाव जुळलं की चित्राची प्रत गुपचूप कमी करून वेग वाढवत होता. बोभाटा झाल्यावर एटीआयने पुढच्या ड्रायव्हरात प्रत परत आणली आणि वेगही राखला. म्हणजे ती लबाडी करण्याची गरजही नव्हती.

दोनच वर्षांनी पाळी एनव्हिडियाची. मे २००३ मध्ये फ्युचरमार्कने सांगितलं की आपल्या थ्रीडीमार्क ०३ या चाचणीत कॅमेरा कुठल्या वाटेने फिरणार हे ठाऊक असल्यामुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या वाटेवरून न दिसणारे भाग काढतच नाही. कॅमेरा वाटेवरून जरा बाहेर नेला की चित्राला भगदाडं पडलेली दिसत. चाचणीत दुरुस्ती केल्यावर जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४.१ टक्क्यांनी खाली आले. एटीआयचेही १.९ टक्क्यांनी उतरले. काही दिवसांतच फ्युचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढून भाषा सौम्य केली, पण गुण घसरले ते घसरलेच.

यादी लांबवता येईल. मायक्रोसॉफ्टवरच्या एका खटल्यात बाहेर आलेल्या कागदांनुसार २००७ मध्ये व्हिस्टाच्या नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे होते आणि ९.३ टक्के एटीआयच्या. अर्थात कोणाची किती कार्डं वापरात होती हे धरल्याशिवाय या आकड्यांची तुलना करणं अन्यायाचं आहे. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे पंख्यांवरचं नियंत्रण बिघडून कार्डं तापत होती. जीटीएक्स ९७० च्या चार जीबीपैकी शेवटचा अर्धा जीबी फार मंद आहे हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झालं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. एएमडीच्या आरएक्स ५७०० एक्सटीवर काळ्या पडद्याच्या तक्रारी महिनोन्‌महिने चालल्या. फेब्रुवारी २०२० च्या ड्रायव्हरमध्ये त्यांवर एकगठ्ठा दुरुस्त्या आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांत व्हेपर चेंबरमधलं द्रवच कमी भरलेलं निघालं आणि ती ११० अंशांपर्यंत गेली. इंटेलची आर्क कार्डं आली तेव्हा डायरेक्टएक्स ९ चे जुने गेम त्यांवर रडतखडत चालत होते, काही महिन्यांत ड्रायव्हरमुळे तेच गेम कितीतरी सुधारले.

या यादीतल्या प्रत्येक ओळीला एक मॉडेल आहे, एक ड्रायव्हर आहे, एक तारीख आहे. वादात मात्र या तिन्ही गोष्टी गळून पडतात आणि उरतं फक्त कंपनीचं नाव. ‘एएमडीचे ड्रायव्हर खराब’ हे वाक्य म्हणणाऱ्याने बहुधा एका विशिष्ट कार्डावर एका विशिष्ट काळात मनस्ताप भोगलेला असतो. तो मनस्ताप खरा असतो. पण पाच वर्षांनंतर, वेगळ्या पिढीच्या कार्डाबद्दल, तो पुरावा म्हणून चालत नाही.

शिवाय ज्याला आपण कंपनी म्हणतो ती पुष्कळदा ती नसतेच. एनव्हिडिया आणि एएमडी मुख्यतः चिप देतात. त्या चिपभोवतीचा बोर्ड, वीजपुरवठ्याचे भाग, पंखे, हीटसिंक हे असूस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, सफायर यांसारखे उत्पादक घडवतात आणि भारतात वॉरंटीसाठी गाठावं लागतं ते त्यांनाच. जुलै २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्ड या गेमच्या चाचणी आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं कायमची मेली. मेनूच्या पडद्यावर फ्रेमना मर्यादा नव्हती, त्यामुळे कार्ड अफाट वेगाने पळत होतं. गेमला शिव्या पडल्या, एनव्हिडियालाही पडल्या. शेवटी ईव्हीजीए या कार्ड उत्पादकाने तपासून सांगितलं की त्यांच्या सुमारे दोन डझन कार्डांत काही भागांचं सोल्डरिंग नीट झालेलं नव्हतं. दोष चिपचा नव्हता, आणि गेमने फक्त तो उघडकीला आणला होता.

मग निवडायचं कशावर? माझं मत स्पष्ट आहे: त्या दिवशीची किंमत, तुम्ही प्रत्यक्ष खेळणार आहात ते गेम, आणि तुमच्या शहरातली सेवा. या क्रमाने. ब्लेंडरमध्ये काम करायचं असेल किंवा एनव्हिडियाच्याच कुडा प्रणालीवर चालणारी सॉफ्टवेअर वापरायची असतील तर एनव्हिडियाला पर्याय कमीच. लिनक्सवर खेळायचं असेल तर एएमडीचे खुले ड्रायव्हर सुखाचे. बजेट आवळलेलं असेल तर थोड्या जास्त वेगापेक्षा थोडी जास्त व्हिडिओ मेमरी घ्या, कारण वेग कमी पडला तर सेटिंग उतरवून निभावता येतं, मेमरी भरली की झटके बसतात आणि पोतं धूसर होतात. इंटेलचं कार्ड घेताना आपल्या मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही सोय आहे का ते आधी बघा, तिच्याविना ती कार्डं लंगडतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर दुकानातच वीसेक मिनिटं जड गेम किंवा चाचणी पूर्ण भारावर चालवायला सांगा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर त्या कामात राबलेली कार्डं जगभर बाजारात उतरली. त्यांतली कितीतरी धडधाकट आहेत, पण पंख्यांचे बेअरिंग आणि मेमरीखालचे थर्मल पॅड झिजलेले असू शकतात. चिपचं तापमान ठीक आणि मेमरीचं भलतंच वर, असं दिसलं तर पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

घरी आधीच असलेलं कार्ड त्रास देत असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी जास्तीचा वेग, एक्सएमपी, अंडरव्होल्ट, सगळं मूळपदावर. मग इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि आधी कधी नीट चाललेला ड्रायव्हर लावा. इंटरनेट तोडायचं ते अशासाठी, की नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मध्ये आपल्या मनाचा ड्रायव्हर बसवून टाकतं. मग कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवा, विजेच्या केबल खटकन आवाज येईपर्यंत दाबा. नव्या कार्डांच्या बारीक सोळा पिनांच्या जोडणीत हे विशेष महत्त्वाचं, आरटीएक्स ४०९० च्या वितळलेल्या जोडण्यांपैकी पुष्कळ अर्धवट खोचलेल्या होत्या. याने भागलं नाही तर मित्राच्या संगणकात आपलं कार्ड आणि आपल्यात त्याचं. दुखणं कार्डाबरोबर गेलं तर कार्ड, घरीच राहिलं तर बाकीचा संच. या अदलाबदलीने एका संध्याकाळी जेवढं कळतं तेवढं आठवडाभराच्या वादाने कळत नाही.

आणि सेवा केंद्रात जायची वेळ आलीच, तर नुसतं ‘गेम चालत नाही’ असं सांगू नका. काउंटरवरचा माणूस कार्ड लावतो, डेस्कटॉप दिसतो, तो ‘आमच्याकडे तर चालतंय’ म्हणून परत देतो. त्याची चूक नसते, त्याला बिघाड दिसलेलाच नसतो. एका कागदावर लिहून न्या: कोणता गेम, कोणती सेटिंग, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, तेव्हा तापमान किती, ड्रायव्हरचा क्रमांक, इव्हेंट व्ह्युअरमधली नोंद, आणि दुसऱ्या संगणकातही हेच झालं हे. सोबत मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, ज्यात बिघडलेला पडदा आणि कोपऱ्यातले आकडे एकत्र दिसतात. बिलाची प्रत आणि कार्डावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, आणि कार्ड जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.